जॅकेट थांबल्यावर घालायचं

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी केदारकंठाला जाणार आहोत. दोघींचाही हिमालयातला हा पहिलाच ट्रेक. दुकानात एक फुगीर जॅकेट हातात घेतलं, तर जेमतेम ३५० ग्रॅमचं! एवढ्या हलक्या जॅकेटवर बर्फात निभावेल का? दुकानदार ‘डाऊन’च घ्या म्हणतात, दीर म्हणतात चांगलं जाडजूड, जड घ्या. दोघींची जॅकेटं, बूट आणि हातमोजे मिळून बारा हजारांच्या वर जाता येणार नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जॅकेट जड म्हणून उबदार, हा हिशोब आधी मनातून काढून टाका. पिंजारी जुनी गादी पिंजून देतो तेव्हा कापूस तेवढाच असतो, पण गादी फुगते आणि थंडीत तिच्यावर झोपायला बरं वाटतं. ऊब त्या कापसात अडकलेल्या हवेची असते. जॅकेटचंही तसंच. ते स्वतः उष्णता तयार करत नाही, तुमच्या अंगाची धरून ठेवतं.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची लव. तिच्याइतकी हवा एवढ्या कमी वजनात दुसरं काही धरत नाही. लेबलवर ६००, ७००, ८०० असा ‘फिल पॉवर’चा आकडा असतो. ती लव किती फुगते, हे तो आकडा सांगतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आत लव किती ग्रॅम भरली आहे तेही विचारा. ८०० ची लव चिमूटभर भरलेली असेल, तर ६०० ची भरपूर भरलेलं जॅकेट जास्त उबदार. दुकानात जॅकेट मुठीत घट्ट दाबून सोडा. चांगलं असेल तर लगेच फुगून येतं. कापडातून टोकदार काड्या बोटांना टोचत असतील, तर आत लवेपेक्षा पिसंच जास्त आहेत.

डाऊनचं एकच दुखणं, ते म्हणजे ओल. भिजलं की लव गोळा होते आणि ऊब संपते. हे मी हर की दूनला, म्हणजे हिमालयातल्याच एका ट्रेकला, अंगावर काढलं आहे. ऑक्टोबर होता, पाऊस नव्हता, बर्फही नव्हता. सकाळी गारठा होता म्हणून डाऊन जॅकेट घालूनच चढायला लागले आणि आळसाने ते काढलंच नाही. दुपारी मुक्कामाला पोचले तेव्हा पाठीकडची लव घामाने चपटी झाली होती. ऊन डोंगराआड गेलं आणि ज्या वेळेसाठी ते जॅकेट सॅकमध्ये घातलं होतं, नेमकी तीच वेळ मी कुडकुडत काढली. म्हणून दोघींना कळकळीने सांगते, चालताना हे जॅकेट अंगावर नको. चालताना थर्मल (अंगालगतचे उबदार कपडे) आणि फ्लीस (लोकरीसारखं मऊ, हलकं जाकीट) पुरतं, वारा असेल तर वर विंडचीटर. थांबलात की घाम थंड पडायच्या आत जॅकेट चढवा. त्यासाठी ते सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा.

आता तुमच्या ट्रेकचं. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव १९०० मीटरच्या आसपास आहे आणि केदारकंठाचा माथा ३८१० मीटर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे सांकरीपेक्षा माथ्यावर बारा अंश कमी धरा. त्यात वारा. वरच्या मुक्कामावर रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. तुमच्याकडे निफाडला कडाक्याची थंडी पडते त्याच्याशी तुलना करू नका. तिथे सूर्य वर आला की अंग मोकळं होतं, इथे पायाखालीच बर्फ असतो.

त्यामुळे ३५० ग्रॅमचं जॅकेट एकटं पुरणार नाही, थर्मल आणि फ्लीसवर घातलं तर कामाचं. तुमच्या पैशांत मी दोघींना टोपीवालं सिंथेटिक भरणीचं जॅकेट घ्यायला सांगेन. डाऊनपेक्षा थोडं जड, पण दमट झालं तरी बरीच ऊब टिकवतं. पहिल्या ट्रेकला घाम आणि बर्फ सांभाळायची सवय नसते, म्हणून मला तेच सुरक्षित वाटतं. मुलीला पुढे कळसूबाईच्या थंडीतल्या मुक्कामालाही उपयोगी पडेल. मुक्कामातल्या रात्रीसाठी जाड जॅकेट सांकरीत भाड्याने मिळतं, ते घ्या. वाचलेले पैसे बूट आणि हातमोज्यांवर घाला, त्यात काटकसर नको.

दुकानात जाताना फ्लीस घालून जा आणि त्यावर जॅकेट घालून पाहा. हात वर करा, कंबर उघडी पडते का? हातमोजे घालून चेन ओढता येते का? चेनच्या आतून कापडाची पट्टी आहे का? नसेल तर वारा तिथूनच शिरतो. आतला खिसाही बघा. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, तो अंगाजवळ राहू दे. आणि शेकोटीपासून लांब बसा. एक ठिणगी पुरते, ते पातळ नायलॉन वितळून भोक पडतं.

प्रश्न : माझं डाऊन जॅकेट पावसाळाभर त्याच्या छोट्या पिशवीत होतं. आता कुबट वास येतोय आणि फुगतही नाही. टाकून द्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. डाऊनसाठी मिळणाऱ्या साबणाने, नाहीतर अगदी सौम्य साबणाने, कोमट पाण्यात हाताने धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत भरपूर पाण्यात खळबळा. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि दोन्ही हातांवर आडवं उचला, ओल्या लवेच्या वजनाने आतली शिवण उसवते. ड्रायर मिळाला तर कमी तापमानावर दोन-तीन टेनिस बॉलबरोबर फिरवा. नसेल तर सावलीत पसरा आणि अधूनमधून गोळे बोटांनी मोकळे करा. ठाण्याच्या हवेत याला तीन-चार दिवस लागतील. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. ठेवाल तेव्हा सैलसर सुती अभ्र्यात ठेवा, ती छोटी पिशवी फक्त प्रवासापुरती.