प्रभुभोजनापूर्वीची आत्मपरीक्षा

प्रश्न : सप्रेम सलाम. मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी. दोन वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघात झाला. तेव्हापासून रविवारच्या उपासनेत मी गीते गाते, प्रभूची प्रार्थनाही म्हणते, पण मनात काहीच हलत नाही. कधी कधी तर देवाचा रागच येतो. आता उपकारस्तुतीच्या सभेत देवाने माझ्यासाठी काय केले याची मी साक्ष द्यावी, असा मंडळीतून आग्रह होत आहे. अशा मनाने प्रभुभोजनात येशूच्या स्मरणाची भाकर आणि प्याला घेणे हे ढोंग ठरेल का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्हाला वाटणारी भीती बहुधा बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातून आली असावी. माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे प्रेषित पौल तेथे सांगतो, आणि आपल्यापैकी अनेक जण ते वाक्य ऐकताच मनात भक्तीची ऊब पुरेशी आहे की नाही हे चाचपू लागतात. परंतु त्याच अध्यायात थोडे मागे जाऊन वाचले, तर पौलाचा संताप कशावर होता ते कळते : करिंथच्या मंडळीत काही जण आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहून लज्जित होत. परीक्षा करायची ती या वागण्याची. दोन वर्षे अंथरुणाशी बसून सेवा करणाऱ्या बाईने मन कोरडे पडले म्हणून त्या मेजापासून दूर राहावे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

रागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कोल्हापूरचा माणूस मंडईत, तालमीत, रिक्षात मनातले सडेतोड बोलून मोकळा होतो. देवापुढे डोळे मिटले की मात्र त्याची भाषा एकदम छापील होते. (हे मी स्वतःलाही धरून म्हणतो.) शास्त्रातील माणसे अशी बोलत नाहीत. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र पाहा. ‘तू माझ्यापासून आपले मुख का लपवतोस?’ असे ते देवालाच विचारते आणि कोणतेही सांत्वन न मिळता अंधारात संपते. तरीही ते वगळले गेले नाही. दुःखात सापडलेल्या ईयोबाने तर देवाशी वाद घातला, आणि शेवटी देव रागावला तो ईयोबाच्या मित्रांवर, कारण देवाची बाजू सावरून घेताना ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नव्हते. राग देवालाच सांगणारा माणूस अजून त्याच्याशी बोलत असतो. मला काळजी वाटते ती राग गिळून वरवर गोड गाणाऱ्याची.

चार पिढ्यांचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण तोही येथे महत्त्वाचा आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. त्यानंतरच्या काळात या भागात ज्यांनी ख्रिस्ताला प्रथम स्वीकारले, त्यांना स्वतःचे उत्तर स्वतःच द्यावे लागले असणार, कारण तयार उत्तर हाती देणारे वडीलधारे त्यांच्या घरात नव्हते. आपल्याला शब्द आयते मिळाले. ‘तुम्ही मला कोण म्हणून म्हणता?’ हा येशूचा प्रश्न आपल्या वाट्याला पाठांतरासारखा येतो, आणि संकट आल्यावर तो पहिल्यांदा खरोखर ऐकू येतो.

म्हणून या आठवड्यात एकदा घर शांत असताना, तुम्ही घरी बोलता त्याच बोलीत, देवाला काय सांगायचे टाळत आहात ते वहीत लिहून काढा. लिहिताना ‘हे दयाळू पित्या’ने सुरुवात झाली नाही तरी चालेल. अपस्मार झालेल्या मुलाच्या बापाने मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच श्वासात येशूपुढे ठेवले होते, आणि त्यासाठी येशूने त्याला परत पाठवले नाही.

साक्षीला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. द्यावीशी वाटलीच, तर यजमान अजून बरे झालेले नाहीत, देवाकडून उत्तर आलेले नाही आणि तरी मी येथे येते, एवढेच सांगा. पाळकसाहेबांना मात्र ते आधी कळवून ठेवा, म्हणजे तुमचे बोलणे संपताच कोणी घाईने आनंदाचे गीत सुरू करणार नाही.