स्टँडबायचं बटण हाताखाली पाहिजे

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी मिळून ३६ फुटी शिडाची जुनी बोट घेतलीय, गेटवेसमोर मूरिंगला (पाण्यात पक्क्या केलेल्या बोयाला) बांधलेली असते, चाकाचं सुकाणू आहे. सुकाणू आपोआप धरणारा जुना ऑटोपायलट बंद पडलाय. विक्रेता म्हणतो नकाशाची १२ इंची टचस्क्रीन घ्या, ऑटोपायलट त्यातूनच चालेल, वेगळा कीपॅड कशाला उगाच. डिसेंबरात गोव्याला जायचा बेत आहे. काय घ्यावं? आणि दोन कंपन्यांचं मिश्रण चालतं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कीपॅड घ्याच, स्क्रीनचं नंतर बघू.

मागे एकदा मी मित्राच्या बोटीवर मुरूडच्या पुढे होतो, रात्रीचे दोन वाजले असतील, अंगावर शिंतोडे येतायत, आणि त्याच्याकडे नुसती टचस्क्रीन. समोर जाळ्याचे बोये दिसले, म्हणजे काय तर थर्माकोलचे तुकडे आणि एक मिणमिणता दिवा. मी ऑटोपायलट सोडवायला स्क्रीनवर बोट मारतोय आणि नकाशा लहानमोठा होतोय, कारण काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब साचलेले आणि स्क्रीनला ती पण बोटंच वाटतायत. शेवटी मित्राने खाली जाऊन ब्रेकर पाडला, तोवर जाळं सुकाण्यात गुंतलं होतं. पहाटे त्या जाळ्याचा तांडेल आला आणि त्याने जे काय सुनावलं ते या सदरात छापता येणार नाही, पैसे भरले ते वेगळेच.

म्हणून स्टँडबायचं, म्हणजे ऑटोपायलट सोडवून सुकाणू परत हातात देणारं बटण खरंखुरं, दाबलं की खट्‌ होणारं हवं, अंधारात न बघता सापडलं पाहिजे. रेमरीन, गार्मिन, बी अँड जी या सगळ्या कंपन्यांकडे वेगळे कंट्रोल मिळतात, काही गोल फिरवायचे, काही बटणांचे. शिडाच्या बोटीला मी बटणांचाच सांगेन, एक अंश नि दहा अंश डावीउजवीकडे अशी चार बटणं असतात, थंडीत बोटं आखडली तरी चुकत नाही. गार्मिनचा एक टचवाला पण आहे, दिसायला झकास, पण वरची गोष्ट परत वाचा.

कीपॅड कुठे बसवायचा हे दुकानात ठरवू नका. पुठ्ठ्याचे तुकडे मापाने कापा, टेपने चिकटवा आणि एक रविवार मांडव्यापर्यंत जाऊन या. चाकामागे उभं राहून, डावीकडे बसून, उजवीकडे बसून, तिन्ही ठिकाणांहून हात पोचतो का बघा. आमच्या एका ओळखीच्यांनी केबिनच्या दाराशी बसवला, छपराखाली सुरक्षित राहील म्हणून, आता चाकावरचा माणूस दर वेळी चार पावलं धावतो.

स्क्रीन ९ इंची पुरे. १२ इंचीचे पैसे वाचवून ते ड्राइव्हमध्ये घाला, म्हणजे सुकाणू प्रत्यक्ष ढकलणाऱ्या यंत्रात. बोटीचं वजन कागदावरचं धरू नका, पाणी, डिझेल, नांगर, माणसं आणि डब्यांसकट धरा आणि त्यावर एक माप मोठाच ड्राइव्ह घ्या. वीज सरासरी दोन-चार अँपिअर जाते, म्हणजे ३ धरले तर २४ तासांत ७२ अँपिअर-तास, तेवढी बॅटरी आहे का बघा. नकाशाच्या स्क्रीनशेजारी ४ इंची एखादा छोटा डिस्प्ले ठेवा, खोली, वारा, वेग एवढंच मोठ्या आकड्यांत. दुकानात जाताना पोलराइज्ड गॉगल घालून जा आणि मान तिरकी करून बघा, काही स्क्रीन चक्क काळ्या पडतात.

दोन कंपन्यांचं मिश्रण चालतं का असं पण विचारलंत. वाऱ्याचे, खोलीचे आकडे एनएमईए २००० वर, म्हणजे बोटीवरची उपकरणं जोडणाऱ्या सामाईक वायरिंगवर, एकमेकांना कळतात, पण ऑटोपायलट चालवायची बटणं दुसऱ्या कंपनीच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा येतच नाहीत, तेव्हा कीपॅड ऑटोपायलटच्याच कंपनीचा. या वायरिंगच्या मुख्य वायरच्या दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे रोधक लावलेली टोपणं असतात. वीज बंद करून ओहम मोजणारा मीटर लावा, ६० च्या आसपास आलं तर ठीक, १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब आहे समजा. मुख्य वायरपासून उपकरणापर्यंतची फाट्याची वायर ६ मीटरपेक्षा लांब नको.

आणि ऑटोपायलटचा दिशेचा सेन्सर स्पीकरपासून आणि लोखंडापासून लांब. आमच्याकडे कोणीतरी त्याच्या खालच्या कप्प्यात पान्यांची पेटी सरकवली होती आणि बोट अर्धा दिवस भलत्याच दिशेला चाललेली, आम्ही प्रवाहाला शिव्या घालत बसलो.

गोव्याला जाताना एक सांभाळा. ऑटोपायलटचा विंड मोड दिशा धरत नाही, वाऱ्याशी कोन धरतो. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, पूर्वेकडून डाव्या अंगावर घेऊन तुम्ही दक्षिणेला निघालात आणि तो वारा हळूहळू उत्तरेला सरकला तर बोट गुपचूप पूर्वेला वळते, म्हणजे थेट किनाऱ्याकडे. वारा बदलल्याचा अलार्म लावून ठेवा, नाहीतर रात्री दिशा धरणारा साधा कंपास मोडच बरा.

प्रश्न : मी दिवसभराच्या फेरीला एकटाच जातो. ऑटोपायलटचा गळ्यात अडकवायचा वायरलेस रिमोट घेतला तर कीपॅड लागेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : लागेल. रिमोटची बॅटरी संपते, तो पाण्यात पडतो, माझा पडलाय. एकट्याला पुढे जाऊन शीड उतरवताना तो फार कामाचा, नाही म्हणत नाही. पण आधी हार्नेस, म्हणजे तुम्हाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा, कारण तुम्ही पडलात तर ऑटोपायलट बोट इमानदारीत पुढे नेतच राहतो. बाकी एकट्याला इलेक्ट्रॉनिक्स लागतंच असं नाही. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये आपले अभिलाष टॉमी दुसरे आले, तिथे असला ऑटोपायलट नियमाने चालतच नाही, सगळे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणाऱ्या विंडवेनवर. तुमच्या दिवसभराच्या फेरीला मात्र विंडवेन म्हणजे जरा अतीच.

प्रश्न : इकडे साउदॅम्प्टनला २३ फुटी बोट घेतली, दांड्याचं सुकाणू आहे. स्क्रीन लागेल का? – एक वाचक

उत्तर : नाही. दांड्याला लावायचा टिलर पायलट घ्या, बटणं त्याच्याच पाठीवर असतात, नकाशा दाखवायला छोटा प्लॉटर पुरे. रेमरीनचा एसटी १००० हा ३००० किलोपर्यंत आणि एसटी २००० हा ४५०० किलोपर्यंतच्या बोटीला, यातला एसटी २०००च घ्या. तिकडचा पाऊस बघता त्याला जाड कापडाची पिशवी शिवून घाला, बटणांवर खिडकी ठेवायला विसरू नका.