लाइन गेली म्हणून लाइन सोडू नकोस

पत्र: मी आर्णी तालुक्यातल्या खेड्यात राहतो, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबसाइट सांभाळणाऱ्या एका फर्मची इंटर्नशिप घरून करतो. तिथे माऊसचं सॉफ्टवेअर चालत नाही. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहून एसएफटीपीनेच (सर्व्हरवर सुरक्षितपणे फायली पाठवायची पद्धत) फायली चढवाव्या लागतात. मागच्या आठवड्यात लाइन गेली, टॉवरही बंद पडला, फाइल अर्धी राहिली आणि ग्राहकाचं पान बंद पडलं. खूप बोलणी खाल्ली. बाबा म्हणतात, हे सोड अन् तलाठी भरतीचा अभ्यास कर. अमरावतीचा एक क्लास सर्व्हर कोर्सचे 40 हजार मागतो. काय करू?

उत्तर: 40 हजार घरीच राहू दे, पऱ्हाटीच्या खर्चाला कामी येतील. कोर्स केला नाही म्हणून पान बंद पडलं नाही. चालू फाइलीवरच तू नवी फाइल ओतलीस, म्हणून पडलं. ‘पुट’ ही कमांड सर्व्हरवरच्या फाइलीवर पहिल्यापासून लिहायला लागते. मध्येच कनेक्शन तुटलं की जुनी फाइल गेलेली असते अन् नवी पुरती आलेली नसते.

आता लावायची सवय अशी. आधी ‘गेट’ने जुनी फाइल लॅपटॉपवर उतरवून घे आणि तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेव. मग नवी फाइल चढव, पण वेगळ्या नावाने; ‘पुट’पुढे आधी इकडचं नाव आणि त्यापुढे तिकडे द्यायचं नाव लिहिता येतं. चढली की तिकडे ‘एलएस डॅश एल’ देऊन बाइट मोज आणि लॅपटॉपवरच्या फाइलीशी ताडून बघ. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ बघायची, ‘साइझ ऑन डिस्क’ नाही. तो आकडा वेगळाच असतो आणि उगाच घाम फुटतो. आकडे जुळले की शेवटी ‘रिनेम’, म्हणजे नव्या फाइलीला जुनीचं नाव दे. सर्व्हरवर ओपनएसएसएच (एसएफटीपी चालवणारं नेहमीचं सॉफ्टवेअर) असेल तर रिनेम एका झटक्यात जुन्याच्या जागी नवी फाइल बसवतं. लाइन त्याआधी कधीही गेली तरी ग्राहकाचं पान जुनं का होईना, चालूच राहतं.

फाइल मोठी असेल तर ‘रीपुट’ शिकून घे. 200 एमबीची झिप 1 एमबीपीएसच्या अपलोडवर चढायला साधारण 27 मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ आपल्याकडे टॉवर टिकेलच असं नाही. रीपुट जिथे तुटलं तिथून पुढे चढवतं. मात्र ते फक्त लांबी बघतं, आतला मजकूर नाही. मधल्या वेळात झिप नव्याने बनवलीस तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी जोडगोळी तयार होईल आणि उघडणारच नाही. पाच-दहा केबीच्या फाइलीला रीपुटच्या भानगडीत पडू नकोस, सरळ पुन्हा पुट कर.

नेट गेल्यावर स्क्रीन काही सांगत नाही, नुसती थिजते. एसएसएचच्या (एसएफटीपी ज्यावर चालतं त्या सुरक्षित जोडणीच्या) कॉन्फिग फाइलीत ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 30’ लिहून ठेव. साधारण दीड मिनिट उत्तर आलं नाही की कनेक्शन आपणहून तुटतं आणि तुला वाट बघत बसावं लागत नाही.

नवख्यांचा सगळ्यात जास्त घोळ इकडचं-तिकडचं यात होतो. दोन वावरांच्या मधला धुरा डोळ्यासमोर आण. ‘सीडी’ (फोल्डर बदल), ‘एलएस’ (यादी दाखव), ‘पीडब्ल्यूडी’ (कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांग) धुऱ्यापलीकडे, म्हणजे सर्व्हरवर चालतात. त्यांच्या आधी ‘एल’ लावला की अलीकडे, तुझ्या लॅपटॉपवर: ‘एलसीडी’, ‘एलएलएस’, ‘एलपीडब्ल्यूडी’. प्रत्येक पुटच्या आधी दोन्ही पीडब्ल्यूडी देऊन बघ. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’च्या आधी तर दोनदा बघ, कारण तिथे रिसायकल बिन नसतो, गेलं ते गेलंच.

आणखी दोन बारीक गोष्टी. सर्व्हर बहुधा लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) चालतो, त्याला फाइलीच्या नावातलं मोठं ‘एल’ आणि छोटं ‘एल’ ही वेगळी अक्षरं वाटतात. लॅपटॉपवर दिसणारा लोगो तिकडे गायब होतो तो यामुळेच. सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या दाराचा नंबर, नेहमीचा 22 नसेल तर एसएफटीपीला तो मोठ्या ‘पी’ने सांगायचा, एसएसएचला छोट्या ‘पी’ने. असं का केलं ते करणाऱ्यांनाच माहीत, पण अडतात सगळेच.

सराव ग्राहकाच्या सर्व्हरवर करू नकोस. तुझा अँड्रॉइड फोनच सर्व्हर होतो. एफ-ड्रॉइड या फुकट अॅपच्या दुकानातून टर्मक्स (फोनवर लिनक्सची काळी स्क्रीन देणारं अॅप) घे, त्यात ओपनएसएसएच टाक, ‘पासडब्ल्यूडी’ने पासवर्ड ठरव आणि ‘एसएसएचडी’ हा सर्व्हर चालू कर. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोड आणि पोर्ट 8022 वर आत शिर. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडला समजू नकोस. मोबाइल डेटा बंद असला तरी हे चालतं, म्हणजे रिचार्जही जळत नाही. फाइल चढत असताना मुद्दाम हॉटस्पॉट बंद कर आणि रीपुटने पुढे ने. हे आठ-दहा वेळा केलंस की हातातली भीती जाईल.

आता नोकरीचं. नुसत्या एसएफटीपीवर नोकरी मिळत नाही, ते दार आहे. पुढे लिनक्सच्या परवानग्या, बॅश (कमांडची भाषा), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम), गिट (फायलींच्या बदलांची नोंद) आणि डेटाबेसचा बॅकअप, या क्रमाने जा. एवढं जमलं की होस्टिंग सपोर्ट किंवा ज्युनियर सिस्टिम अॅडमिनच्या जागांना अर्ज करता येतो, नागपुरातही आणि घरून चालणाऱ्या कामांनाही. पैसे खर्चायचेच असतील तर क्लासऐवजी रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेसाठी साठव. तिथे पर्याय निवडायचे नसतात, मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

बाबांचंही अगदी चूक नाही. भरतीचा अभ्यास रोज दोन तास चालू ठेव, त्याने या कामाचं काही बिघडत नाही. त्यांना एकदा जवळ बसवून हॉटस्पॉटवाला खेळ दाखव.

आणि मुलाखतीत एफटीपी, एफटीपीएस आणि एसएफटीपी यांतला फरक विचारला तर असं सांग: एफटीपी पोर्ट 21 वर पासवर्ड उघडा पाठवतं, एफटीपीएस म्हणजे तेच टीएलएसच्या, म्हणजे गुप्त करणाऱ्या, आवरणात, आणि एसएफटीपीचा नावापुरताच त्यांच्याशी संबंध, ते एसएसएचवर चालणारं वेगळं प्रोटोकॉल आहे. त्यानंतर तुझ्या अर्ध्या राहिलेल्या फाइलीची गोष्ट आणि आता तू ती कशी चढवतोस, हे न लाजता सांग.