‘कासाब्लांका’ हा युद्धकाळातला प्रेमपट आजही लोक का पाहतात?

गोष्ट तशी साधी. पॅरिसमध्ये रिकला सोडून गेलेली इल्सा नवऱ्यासोबत नेमकी त्याच्याच कॅफेत येते. पण सिनेमा आला १९४२ साली, तेव्हा युद्ध कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती धाकधूक पडद्यावर दिसते.

जर्मन अधिकाऱ्यांचं गाणं बुडवून सगळी कॅफे ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाते, तो प्रसंग पाहाच. त्यात डोळे भरून गाणारी मादलेन लबो स्वतः १९४० मध्ये फ्रान्समधून निसटलेली. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट तर नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेला!

रिक झालेल्या बोगार्टचा तुसडेपणा, इल्सा झालेल्या बर्गमनचा चेहरा हे आहेच. पटकथा मात्र चित्रीकरण चालू असतानाही लिहिली जात होती, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.