अमेरिकेतल्या ग्रामीण दवाखान्याचं नेतृत्व: आधी जागेचे कागद बघा

डॉक्टर, तुम्ही विचारलंत: आदिवासी पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम झालंय, आता अमेरिकेत फॅमिली मेडिसिन करून ग्रामीण दवाखाना चालवायचाय, तर वाट कोणती?

परीक्षांबद्दल तुम्हाला माहीत असणारच: स्टेप १ आणि स्टेप २ सीके या परवाना-परीक्षा, ईसीएफएमजीचं (परदेशी वैद्यकीय पदव्या पडताळणारी संस्था) प्रमाणपत्र, मार्चमधली मॅच (रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप), मग ३ वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलात तर दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ (अशा डॉक्टरांची देशाला गरज असल्याचं पत्र) लागतं आणि शिक्षण संपल्यावर २ वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. ना-हरकत पत्र आणून ही अट सुटेल असं एजंट सांगतात. डॉक्टरांसाठी तो रस्ता बंद आहे.

अट सुटते ती बहुधा ‘कॉनराड ३०’ या राज्यांमार्फत चालणाऱ्या योजनेतून; या सुटीला ‘वेव्हर’ म्हणतात. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं, आठवड्याला ४० तास काम. योजनेचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि मागणी असलेल्या राज्यांत जागा भराभर संपतात. म्हणून रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षी तिथला उन्हाळा संपायच्या आत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, सही झालेला नोकरीचा करार हाती हवा. त्यात ‘सोडून गेल्यावर आसपास प्रॅक्टिस करायची नाही’ असं कलम असेल तर ते काढायला लावा. बऱ्याच राज्यांच्या अर्जात ते चालत नाही.

काम शोधा ते कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये. १९६५मध्ये बॉस्टनपासून सुरू झालेली ही केंद्रं आपल्या पीएचसीच्या जवळची वाटतील, पण मालकी वेगळी. संचालक मंडळात किमान ५१ टक्के सभासद त्याच केंद्राचे रुग्ण असावे लागतात आणि सीईओला नेमणारं हेच मंडळ. आपली रुग्ण कल्याण समिती वैद्यकीय अधिकाऱ्याची निवड करतेय अशी कल्पना करा! खिडकीवर फी ठरते ती कुटुंबातली माणसं आणि उत्पन्न बघून: दारिद्र्यरेषेपर्यंत पूर्ण सूट किंवा नाममात्र पैसे, तिच्या दुपटीपर्यंत टप्प्याटप्प्याने सवलत. जमीन, गाडी विचारायची नसते.

तुमच्यासारखे लोक अडकतात ते विस्तारात. तीस मैलांवरच्या गावात आठवड्यातून दोन दिवस शाखा उघडायची म्हटलं की तीन कागद जुळावे लागतात. ती जागा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात आणि तुमच्या वेव्हरमध्ये हवी. एच-१बीच्या, म्हणजे वेव्हरनंतरच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जात हवी. नसेल तर आधी सुधारित अर्ज. आणि हेल्थ सेंटरने अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्यातल्या एचआरएसए या विभागाकडून ‘स्कोप’मध्ये (मंजूर जागा आणि सेवांच्या यादीत) ती मंजूर करून घेतलेली हवी, नाहीतर तिथल्या रुग्णभेटींना मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) हेल्थ सेंटरसाठीचा खास दर मिळत नाही आणि निष्काळजीपणाच्या दाव्यांविरुद्धचं सरकारी संरक्षणही लागू होत नाही. मंडळाने टाळ्या वाजवल्या तरी तिन्ही पत्रं हातात येईपर्यंत तिथे एकही रुग्ण तपासू नका.

मेडिकल डायरेक्टरचं पद पहिल्याच वर्षी देऊ केलं तर हुरळून जाऊ नका. बऱ्याच राज्यांना ते ४० तास रुग्णसेवेचे हवे असतात, बैठका आणि अहवाल त्यात धरत नाहीत. पहिली तीन वर्षं ओपीडीच सांभाळा. संध्याकाळी केंद्राचे हिशेब आणि दर १५ फेब्रुवारीला एचआरएसएकडे जाणारा यूडीएस हा वार्षिक अहवाल वाचायला शिका. पुढे सीईओ व्हायचं तर तेच लागतं.

मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: कोणत्या पत्त्यांवर काम करायचं, आधीचा वेव्हरवाला डॉक्टर मुदत संपल्यावर राहिला का, आणि मंडळाच्या बैठकीला गेल्या वेळी कितीजण आले होते.