आमदारांचं पत्र दिलं, तरी दाखला का निघत नाही?

प्रश्न : मुलीच्या ओबीसी दाखल्यासाठी सेतूत अर्ज केला, त्याची मुदत उलटून गेली. ओळखीनं आमदारांचं शिफारसपत्र आणून दिलं, तरी बाबू म्हणतात, 'साहेबांकडे आहे.' प्रवेशाची तारीख जवळ आली. आता मंत्र्यांना भेटू का?
— एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, मंत्र्यांच्या दारात वेळ घालवू नका. जातीच्या दाखल्यावर सही करायचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्यांचा, म्हणजे एसडीओंचा. 2001 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23 नं, म्हणजे जातीच्या दाखल्यांच्या कायद्यानं, जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर टाकलीय, आणि आमदारांचं पत्र हा काही पुरावा नाही. महसूल खात्यात असताना अशा फायली मी कितीतरी पाहिल्या. वर लेटरहेड लावलेलं, आणि आत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, जातीची नोंद असलेला एकही कागद नाही! ओबीसीसाठी हीच तारीख धरतात.

म्हणून आधी अर्जावर त्रुटी काढलीय का, ते 'आपले सरकार' पोर्टलवर बघा. काढली असेल तर मुलीचे आजोबा ज्या शाळेत शिकले तिथं जा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. ते शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, पणजोबांचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला कागद शोधा. जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये मागता येते. त्यात नाव आणि जात दोन्ही असतात.

त्रुटी नसेल तर मात्र गप्प बसू नका. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 तुमच्या बाजूनं आहे. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक घ्या आणि मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा. तिथं दाद मिळाली नाही तर दुसरं अपील, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. पुरेसं कारण नसताना उशीर केल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो. या अपिलाला कुणाची ओळख लागत नाही. ज्यांच्या ओळखीपाळखी नाहीत अशा बायाबापड्यांना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

आमदारांकडे जरूर जा, पण तुमच्या एका फायलीसाठी नको. त्या कार्यालयात पद रिकामं असेल, सगळ्यांचेच अर्ज तुंबले असतील, तर चार पालक मिळून निवेदन द्या. हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं. आमदारांनी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावली आणि ती चर्चेला आली, की महसूल मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. माणसं नेमणं हे मंत्र्यांचं काम, यंत्रणेला जाब विचारणं हे आमदारांचं.

आणि दाखला हाती आला की पडताळणीचा अर्ज लगेच टाका. ते काम एसडीओंचं नाही, जात पडताळणी समितीचं आहे. नागपूरची समिती श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात बसते.