रात्री कोळसाच जळतो, मग गच्चीवर सोलर कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की संध्याकाळचे दिवे, पंखे, टीव्ही कोळशाच्याच विजेवर चालणार असतील, तर गच्चीवर ३ किलोवॉट सोलर बसवून कोळसा खरंच वाचतो का, की नुसतं आपलं बिल कमी होतं? औष्णिक केंद्रात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीचशी बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे जे बघितलं त्यावरून सांगतो. कोळसा वाचतो.

ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्यात, वीज साठून राहत नाही, जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार करावी लागते. दुपारी उन्हाची वीज यायला लागली की कुठल्या केंद्राने किती वीज तयार करायची हे सांगणाऱ्या कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरवरून निरोप येतो, लोड उतरवा, म्हणजे वीज कमी तयार करा. मग आम्ही एकेक मिल बंद करायचो. मिल म्हणजे कोळशाचं पीठ करणारं भलंमोठं जातं. ते थांबलं की तेवढा कोळसा वरच्या बंकरमध्येच राहतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हा निरोप यायचा मध्यरात्रीनंतर, नाहीतर पाऊस लागून शेतीपंप बंद झाले की. शेवटच्या काही वर्षांत तो लख्ख ऊन असताना, दुपारी एक-दोनला यायला लागला. जेवणाचा डबा उघडायच्या वेळेला मिल बंद करताना मला फार बरं वाटायचं, हे मनापासून सांगतो.

तुमच्यापुरता हिशोब बघा. आपल्याकडे १ किलोवॉटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट धरायला हरकत नाही, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. ३ किलोवॉटचे वर्षाला ४,००० च्या पुढे युनिट होतात. एका युनिटला आपल्याकडचा कोळसा साधारण ६०० ते ७०० ग्रॅम जळतो. म्हणजे एका घरामागे वर्षाला अडीच टनांहून जास्त कोळसा. त्यात तिसरा हिस्सा राखच असते, ती आठ-नऊशे किलो कुठल्यातरी राखेच्या तलावात जायची वाचते. उन्हाळ्यात वारं सुटलं की ती राख वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावर, पोरांच्या डोळ्यांत कशी जाते, हे आमच्या कॉलनीतल्या कुणालाही विचारा.

तुमची शंका निम्मी खरीही आहे. बॉयलर गॅसच्या शेगडीसारखा चालू-बंद करता येत नाही. लोड निम्म्यापर्यंत उतरवलं की भट्टीतली ज्योत डळमळायला लागते, मग आधाराला तेल जाळावं लागतं. थंड पडलेलं युनिट, म्हणजे बॉयलर-टर्बाइनचा अख्खा संच, परत पेटवून ग्रिडला जोडायला कित्येक तास जातात. म्हणून दुपारी ते कमी लोडवर धुमसत ठेवायचं आणि सूर्य कलला की भराभर चढवायचं. या रोजच्या गरम-थंड होण्याने बॉयलरच्या नळ्या लवकर फुटतात. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा, गॅस, तेल सोडून बाकीच्या स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. हा फरक बराचसा संध्याकाळचा आणि रात्रीचा आहे.

त्यावर एक उपाय आपल्या सह्याद्रीतच उभा आहे. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी कोकणाच्या अंगाला खाली सोडून वीज काढायची, आणि वीज जास्त असेल तेव्हा तेच पाणी परत वर चढवायचं. यात वीस-पंचवीस टक्के वीज खर्ची पडते. तरी दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत राखून ठेवायला मला ही सोय फार मोलाची वाटते.

दुसरा उपाय त्याहून सोपा, तो म्हणजे वापरच दिवसाकडे आणायचा. सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सोलर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज देतात. माझा धाकटा भाऊ वीस वर्षं रात्री एक-दोनला बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जायचा आणि तो घरी येईपर्यंत वहिनीला झोप नसायची. आता तो सकाळी नऊला मोटर चालू करतो. कोळसा वाचला ते वाचलाच, पण साप-विंचवाच्या अंधारात माणूस जायचा थांबला, हे मला त्याहून मोठं वाटतं.

कोळशाच्या केंद्राला पाणीही भरपूर लागतं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. सोलरला पॅनल धुण्यापुरतं पाणी लागतं.

तेव्हा बसवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याची मोटर, गिझर, वॉशिंग मशीन दहा ते तीनच्या दरम्यान लावायची सवय करा, म्हणजे संध्याकाळचा भार तेवढा हलका होतो. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: साधं ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेलं, सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. तो बिघाड नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घराकडून करंट येऊ नये, म्हणून ती सोय असते. आणि वेंडरला बोलवायच्या आधी डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्या. साध्या जोडणीत एका पॅनलवर सावली आली तरी त्या ओळीतली बाकीची पॅनल्सही ढेपाळतात.